दात सरळ हवा की दात हवा

अक्का, रविवारी तुझ्या शोकसभेत लोक हसले.

सगळे नाहीत. पण अध्यक्षांनी माझं नाव पुकारलं, मी उठलो, माइकपाशी जाऊन घसा खाकरला आणि पुढच्या रांगेतल्या दोन-तीन काकूंच्या ओठांचे कोपरे हलले. त्यांचा काय दोष? मंडळाच्या त्या हॉलमध्ये मी उभा राहिलो की हसायचं, ही त्यांची वर्षानुवर्षांची सवय. त्यात पांढरा सदरा, पडलेला चेहरा आणि तोंड उघडल्याबरोबर दातांवर चमकणारी चांदीची झालर. पन्नाशी ओलांडलेल्या, पोट सुटलेल्या माणसाच्या तोंडात तारा! तू असतीस तर सगळ्यांच्या आधी तूच फस्सकन हसली असतीस आणि मग खोकला आल्याचं नाटक केलं असतंस. ते नाटक तुला कधीच जमलं नाही.

"अक्का म्हणजे आपल्या सगळ्यांच्या..." एवढं म्हणालो आणि थांबलो. बराच वेळ थांबलो. मग नुसते हात जोडले आणि खाली येऊन बसलो. वीणा कानाशी म्हणाली, "असू दे हो, सगळ्यांना कळलं." निघताना लोक येऊन खांदा दाबून जात होते. इतका बोलका माणूस, पण बघा, शब्द फुटेना बिचाऱ्याला.

खरं काय झालं ते फक्त तुला सांगतो. माझा गाल आतून तारेच्या टोकात अडकला होता. शेवटच्या दाढेपाशी बाहेर आलेलं ते टोक, ज्यावर मेण लावायचं असतं. "मेण कुठाय तुझं?" तू पहिलं हेच विचारलं असतंस. मेण दुसऱ्या पँटच्या खिशात होतं. आणि कंठही दाटून आला होता, अक्का. दोन्ही एकाच वेळी. एवढ्या मोठ्या प्रसंगात असला फार्स फक्त आपल्या दोघांनाच जमतो.

तेव्हा रविवारी बोलायचं राहिलं ते आता बोलतो.

तू कुठे शिकलीस, कोणती पदकं मिळवलीस, हिरड्यांची डॉक्टर म्हणून बेंगळुरूच्या जयनगरात किती वर्षं बसलीस, हे सगळं अध्यक्षांनी वाचून दाखवलं. चांगलं वाचलं. त्यात तू कुठेच नव्हतीस.

माझी अक्का सुरू होते ती कॉलनीतल्या क्वार्टर्सच्या जिन्यावर. तुझे अप्पा आणि माझे बाबा एकाच सरकारी कारखान्यात इंजिनिअर, दारं समोरासमोर. मी पहिली-दुसरीतला, तू दोन वेण्यांची मोठी मुलगी, अख्ख्या कॉलनीची अक्का. माझा खालचा एक दुधाचा दात हलत होता. तू शिवणाच्या डब्यातला दोरा आणलास, दाताला गाठ मारलीस, दुसरं टोक दाराच्या कडीला बांधलंस आणि दार लोटलंस. दात निघाला. रक्त निघालं. माझी किंकाळी कारखान्याच्या भोंग्याच्या तोडीची निघाली. आणि मग मी जिभेने चाचपून बघतो, तर हलणारा दात जागच्या जागी! तू शेजारचा उपटला होतास.

"दुसराच काढलास!"

तू पांढरीफटक. मग स्वतःला सावरून म्हणालीस, "अय्यो, तोही पडणारच होता की रे कधीतरी."

त्या एका वाक्यावर मी पुढचा सगळा जन्म काढला. माझे पक्के दात आले ते चार दिशांना तोंडं करून, वरचे दोन तर थेट ओठाबाहेर. शाळेत मला 'खवणी' म्हणायचे. नारळ आणा, खवून देतो, असं मीच पुढे होऊन सांगायला शिकलो. लोकांनी हसायच्या आधी आपणच हसवलं की फारसं लागत नाही. आणि तू दिसलीस की मात्र बोट दाखवून सगळ्यांना सांगायचो, "ही बघा! माझे दात हिने बिघडवले!" तुझ्या लग्नात व्याह्यांना सांगितलं. दवाखान्याच्या पूजेला भर पाहुण्यांत सांगितलं. तू दर वेळी हात जोडायचीस आणि मान लववून म्हणायचीस, "चूक झाली, महाराज."

माझ्या बाबांचे दात तू रोज बघत होतीस. हुबेहूब हेच. खालचा एक दुधाचा दात थोडा आधी पडला म्हणून वरचे दात ओठाबाहेर येत नाहीत, हे तुला डॉक्टर झाल्यावर कळलं नसेल होय? चांगलं कळत होतं. तुला कळतंय हे मलाही कळत होतं. तरी तू तो आरोप जन्मभर अंगावर घेत राहिलीस आणि मी करत राहिलो, कारण त्या निमित्ताने मला कुणीतरी महाराज म्हणायचं. दुसरं कुणी कधी म्हटलं नाही. स्टेजवरसुद्धा नाही.

स्टेजवर मी कोण असायचो? नोकर. भटजी. घरजावई. यमाचा कारकून. गणपतीतल्या नाटकात मी आत आलो की पहिल्या वाक्याआधीच हशा पिकायचा. मध्यंतरात माझ्या नकला, आणि त्यातली सगळ्यात गाजलेली तुझी. न घातलेला मास्क हनुवटीखाली ओढायचा, न लावलेल्या चष्म्यावरून बघायचं आणि नाकातून, शेवटचा स्वर लांबवत कानडीतलं 'ठीक आहे' म्हणायचं, "सरीऽऽ." हॉल कोसळायचा. निम्मा हॉल तुझ्या खुर्चीत बसून आलेला असायचा, आणि तुझ्या दवाखान्याचा नियम सगळ्यांना ठाऊक होता: तुझं 'सरी' आल्याशिवाय तिथे कुणी कुणाच्या दाताला हात लावायचा नाही. तू तिसऱ्या रांगेत बसून डोळे पुसेपर्यंत हसायचीस आणि नंतर म्हणायचीस, "मी इतकी नाकात बोलत नाही हं, मध्या."

बोलायचीस, अक्का. इतकीच बोलायचीस.

मग एका संध्याकाळी मी तुझ्याकडे आलो. खालच्या बेकरीतून ताज्या खारा बनचा वास जिन्यावरून वर येत होता. दातांच्या दवाखान्याखाली बेकरी, ही जागा निवडणाऱ्याला मी नेहमीच दाद दिली आहे. तुझा शेवटचा पेशंट गेला होता, हातात कॉफी होती.

"अक्का, दात सरळ करायचेत."

"कुणाचे?"

"माझे."

तू पेला खाली ठेवलास. "आत्ता? केस पिकल्यावर? लग्न ठरलंय का कुठे दुसरं? वीणाला माहितीय?"

"एकदा," मी म्हणालो, "आयुष्यात फक्त एकदा मला स्टेजवर राजा होऊन आत यायचंय आणि कुणी हसता कामा नये."

त्यावर तू हसली नाहीस. मला वाटतं, माझ्या तोंडून निघालेल्या वाक्यावर तू न हसण्याची ती पहिलीच वेळ. उठलीस, दिवा खाली ओढलास आणि म्हणालीस, "आ कर."

मी तुला ऐटीत सांगितलं की एका चकचकीत ठिकाणी आधीच जाऊन आलोय आणि ते लगेच तारा लावायला तयार आहेत.

"त्यांनी हिरडीत सळई घालून खोली बघितली?"

"नाही. माझा फोटो काढला आणि कॉम्प्युटरवर माझं भावी हसू दाखवलं."

"छान होतं?"

"हिरोसारखं!"

"आणि त्या हसण्याखाली हाड किती उरलं होतं?"

तू बारीक सळई एकेका दाताच्या कडेने हिरडीत सरकवत गेलीस आणि मला आरशात दाखवलंस. जिथे टेकवशील तिथे लाल ठिपका. मग एक्स-रे. दातांच्या मुळांभोवतीचं हाड जागोजाग खाली बसलेलं. "बोम्मसंद्राच्या फॅक्टरीत काय करतोस रे तू?"

"पंप. माहितीय की तुला."

"पाया खचलेला असताना त्यावर पंप बसवून सुरू केला तर?"

"थरथरतो. बोल्ट ढिले होतात. शेवटी उखडतो."

"मग माझं डोकं का खातोस? सुजलेल्या हिरडीत दात हलवला की उरलेलं हाडही जातं. दात सरळ होतील आणि सरळच्या सरळ हातात येतील. आधी हिरड्या. आणि उद्या उपाशीपोटी रक्तातली साखर तपासून ये."

"दात सरळ करायला आलोय मी. साखर कशाला?"

"कारण मी सांगते म्हणून."

साखर निघाली. फार नाही, पण दारात येऊन उभी राहिलेली. रिपोर्ट बघून वीणा रडली आणि तू म्हणालीस, "रडतेस काय, वेळेवर सापडली." मला दाताच्या डॉक्टरने मधुमेहाच्या उंबरठ्यावरून मागे ओढलं, ही गोष्ट मी फॅक्टरीत रंगवून सांगतो. तू मात्र त्याहून भयंकर एक काम केलंस. खालच्या बेकरीवाल्याला दम दिलास. पुढच्या वेळी मी हनी केककडे बोट दाखवलं, तर तो मान हलवून म्हणाला, "निमगे बेडा सर, डॉक्टरम्मा बैतारे." तुम्हाला नको, डॉक्टरीणबाई रागावतील. पैसे घेऊन उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला!

मग किटण काढणं सुरू झालं. एकेका बाजूचं, मुळापर्यंत. घरी बाटली धुण्याच्या ब्रशाचं पिल्लू शोभेल असा तो चिमुकला ब्रश प्रत्येक दोन दातांमध्ये घालायचा. महिने गेले. दर खेपेला मी विचारायचो, "झालं? आता तारा?" आणि तू सळई फिरवून म्हणायचीस, "स्वल्प थांब." या गावात इतकी वर्षं काढून मला रिक्षावाल्याचा 'स्वल्प' कळतो, भाजीवालीचा कळतो. तुझ्या 'स्वल्प'ची लांबी मात्र कधी कळली नाही. एक दिवस सळई सगळीकडे फिरली आणि आरशात कुठेच लाल ठिपका नाही. तू मास्क हनुवटीवर ओढलास, चष्म्यावरून बघितलंस.

"सरीऽऽ."

इतकी वर्षं मी त्या शब्दाची नक्कल करत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा तो खास माझ्यासाठी म्हटला गेला आणि माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तुला दिसू नये म्हणून चूळ भरायला वाकलो.

तारा लावणारा किरण, तुझा जुना विद्यार्थी. हात हलका, बोलणं कमी, माझे विनोद त्याला तीन मिनिटांनी कळतात. माझ्या खालच्या पुढच्या चार दातांची एवढी गर्दी होती, की एक काढून बाकीच्यांना जागा करायची ठरली. मधल्या दोनांपैकी एकाच्या मुळाशी हाड फारच थोडं उरलं होतं, तोच काढायचा. किरणने एक्स-रेची फिल्म दिव्यावर टांगली, निरखून बघितली, भुलीचं इंजेक्शन भरलं. एवढ्यात तू आपल्या खोलीतून मधल्या दाराने आलीस आणि माझ्या हातात आरसा दिलास.

"कुठला दात काढायचाय? बोट ठेव."

"अक्का, ओटी भरायला बसवलंयस का मला? आरसा काय, बोट काय..."

"बोट."

मी ठेवलं. कुठला दात हलतो हे माझ्या जिभेला महिनोन्‌महिने पाठ होतं. तू वळून म्हणालीस, "किरण, त्याचं बोट बघ."

किरणची सुई शेजारच्या दाताकडे निघाली होती.

मग तू दिव्याजवळ गेलीस, फिल्म काढलीस, उलटी करून परत लावलीस. ती उलटी टांगली गेली होती. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. किरणच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला. मला वाटलं, आता तू त्याला सोलून काढणार. तू एवढंच म्हणालीस, "पेशंटचा डावा आपला उजवा. रोज रोज तेच असतं, म्हणूनच एखाद्या दिवशी उलटं होतं. आता दाताचं नाव मोठ्याने घे. मी ऐकते."

त्याने घेतलं. तू ऐकलंस. मग 'सरी'.

मला राहवेना. "आमच्याकडेही अगदी हेच! नटाची उजवी ती प्रेक्षकांची डावी. एकदा मी चुकीच्या विंगेतून आत आलो आणि नुकत्याच मेलेल्या सासऱ्याच्या..."

"मध्या, तोंड उघडं ठेव, पण बोलू नकोस."

दात निघाल्यावर, गालात कापूस कोंबलेल्या अवस्थेत मी विचारलं, की ही आरशाची आणि बोटाची पद्धत कुठल्या पुस्तकात आहे? तू हातमोजे काढत होतीस.

"पुस्तकात नाही. जिन्यावर शिकले मी ती. तुझ्याच तोंडात."

मी उठून बसलो.

"दोरा बांधायच्या आधी तुला विचारलं असतं ना, कुठला हलतोय, बोट ठेव, तर तू तेव्हाही बरोबर दाखवलं असतंस. तू ओरडलास ते अजून कानात आहे माझ्या."

म्हणजे अक्का, इतकी वर्षं तुझ्या खुर्चीत बसून ज्यांनी ज्यांनी आरसा धरला आणि दातावर बोट ठेवलं, ते सगळे माझ्या एका किंकाळीमुळे? आणि हे तू मला इतक्या उशिरा, तेही माझं तोंड कापसाने भरलेलं असताना सांगितलंस. मला काही उत्तर देता येऊ नये म्हणूनच ना? मी मनात म्हटलं, पुढच्या नाटकात हे घेतो. नंतर लक्षात आलं, की हे काही घ्यायचं नाही. हे आपल्या दोघांचं.

मग तारा. दर खेपेला किरण तार बदलायच्या तयारीत थांबायचा, तू मधल्या दाराने यायचीस, सळई फिरवायचीस. एकदा मागच्या दाढेशी रक्त दिसलं. "ब्रश चुकवलास." "एखाद्या दिवशी..." "आज तारेला हात लावायचा नाही, किरण. जा घरी." बोम्मसंद्राहून अर्धा दिवस रजा टाकून, होसूर रोडचं ते ट्रॅफिक खात आलेला मी, जसा आलो तसा परत! सबंध रस्ताभर मी तुला शिव्या दिल्या. रात्री ब्रश मात्र केला.

आणि घाई माझीच. "किरण, थोडं जोरात आवळ की! एकदाचं होऊन जाऊ दे." तू मागून म्हणायचीस, "तुमच्या फॅक्टरीत बोल्ट जास्त आवळला की काय होतं रे?" आटे जातात, अक्का. नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो. घट्ट आवळलं म्हणजे पक्कं झालं असं नाही. पण ते बोल्टचं. माझ्या दातांचं मला कुणी सांगितलेलं चालत नसे. "हाड लोखंडासारखं नसतं," तू म्हणायचीस. "हाड ऐकतं. पण त्याला हळू सांगावं लागतं."

आणि ऐकलं की हाडाने! एका सकाळी दाढी करताना मला आरशात काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मग कळलं, माझे ओठ मिटले होते. जन्मात पहिल्यांदा वरचा ओठ खालच्या ओठाला भेटला होता. मी वीणाला हाक मारली. ती कणकेच्या हातांनी आली, बघत उभी राहिली आणि म्हणाली, "अगंबाई, तुम्ही गप्प असलात की असे दिसता होय?"

राहिला फक्त एक. वरचा, पुढचा, डावीकडचा. त्याची एक कड अजून जराशी पुढे, तिरकी. आणि त्यावरच आपलं भांडण झालं.

तू नवा एक्स-रे दाखवलास. त्या दाताच्या मुळाचं टोक झिजून बोथट झालं होतं, मूळ थोडं आखूड झालं होतं. "इथे थांबायचं," तू म्हणालीस.

"एवढंसं तर राहिलंय!"

"एवढंसं राहिलंय म्हणूनच. हाड कमी, त्यात मूळ आखूड व्हायला लागलंय. आणखी ओढला तर हलायला लागेल."

"पण मग तारा घातल्या कशाला? सगळे सरळ आणि नेमका समोरचा वाकडा?"

"दात सरळ हवा की दात हवा?"

"दोन्ही!"

"हट्टी कुठला. राजा व्हायचंय ना तुला? ते या दातावर नाही अडलेलं."

"मग कशावर अडलंय?"

तू सांगावं की नाही असा विचार केलास, तो मला दिसला. मग म्हणालीस, "तू आत येतानाच हसतोस, मध्या. लोक त्यानंतर हसतात."

मला फार लागलं ते. माझ्यावर उभ्या जन्मात एवढी नेमकी टीका कुणी केली नव्हती. मी ताडकन उठलो, जिना उतरलो आणि सूड म्हणून बेकरीत हनी केक मागितला. त्याने दिला नाही. वर बघितलं, तर तू खिडकीत उभी. चष्म्यावरून बघत.

"बघू!" तू वरून ओरडलीस. "पुढच्या खेपेला परत भांडू!"

पुढच्या खेपेच्या आधीच तुझ्या घरून फोन आला. सकाळी, चहाच्या वेळेला. सगळ्या गावाला 'स्वल्प थांब' म्हणणारी तू, स्वतः जराही थांबली नाहीस.

काल माझी खेप होती.

जावं की न जावं, हे ठरत नव्हतं. वीणा म्हणाली, "तोंडात तारा तशाच ठेवून बसलात तर ती वरून हाक मारेल." गेलो. जिन्यावर तोच वास. बेकरीवाल्याने मला बघितलं, केकच्या कपाटाकडे बघितलं आणि म्हणाला, "बेका सर?" हवा का? विचारलं त्याने. परवानगी आहे अशा आवाजात. मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं, अक्का. मी नको म्हणालो.

किरणने आधी गालात टोचणारं टोक कापलं. मग मधल्या दाराने तुझ्या खोलीत जाऊन सळई घेऊन आला. तुझ्यासारखीच फिरवली, हळू, एकेका दाताच्या कडेने. रक्त नाही. ब्रश एक दिवस चुकवला नव्हता मी, बघायला तू नव्हतीस तरी. मग त्याने एक्स-रे लावला, डावी-उजवी बाजू मोठ्याने म्हटली आणि म्हणाला, "सर, त्या दाताला अजून थोडं ओढता येईल. अगदी हलक्या हाताने. बहुतेक काही होणार नाही." जरा थांबला. "बहुतेक."

"मॅडम काय म्हणाल्या होत्या तुला? शेवटचं?"

"म्हणाल्या, ओरडेल तो, ओरडू दे. मग त्याला आरसा दे."

त्याने आरसा दिला.

मी तो दात बघितला. रांगेत सगळे समोर बघत उभे आणि एकटा जरासा वळून शेजाऱ्याच्या कानात काहीतरी सांगतोय, असा. मग मी ओठ मिटले. पडदा उघडलाय आणि मला आत जायचंय, असं मनात धरलं, आणि आरशात बघत राहिलो. आणि दिसलं, अक्का. तू म्हणाली होतीस ते. कुणी नसताना, काही नसताना, माझ्या तोंडाचे कोपरे आपोआप वर निघाले. लोकांच्या आधी. नेहमीसारखे. दाताचा काही संबंधच नव्हता.

"इथेच थांबू," मी म्हणालो.

भांडण संपलं असं समजू नकोस. एवढंसं ओढलं असतं तर चाललं असतं, असं माझं अजून म्हणणं आहे, आणि ते मी सोडणार नाही. फक्त दुसऱ्या बाजूने बोलायला आता कुणी नाही, आणि एकतर्फी भांडण मला कधी जमलं नाही. एकदा ये. हात जोडू नकोस, महाराज म्हणू नकोस. नुसती चष्म्यावरून बघ.

मी दातावर बोट ठेवलं. किरण मोठ्याने म्हणाला, "वरचा, पुढचा, पेशंटच्या डाव्या बाजूचा. याला आता ओढायचं नाही. आहे तिथे धरून ठेवायचा." आणि सवयीने मान वळवून मधल्या दाराकडे बघितलं.

मीही बघितलं.

दार उघडं होतं. तुझ्या खोलीतला दिवा बंद. आम्ही दोघं थांबलो. किरणच्या हातातली पकड हातातच. त्याला पुढे जाता येईना, मला आरसा खाली ठेवता येईना. कुणीतरी म्हणायला हवं होतं.

आणि मनात आलं, अरे, हे तर माझंच काम! अख्ख्या बेंगळुरूत तुझा तो शब्द तुझ्यासारखा म्हणणारा मी एकटाच. शेकडो माणसांना हसवलंय त्याने. मी न घातलेला मास्क हनुवटीखाली ओढला. न लावलेल्या चष्म्यावरून बघितलं. श्वास नाकात घेतला.

"सरी."

तुझा आवाज आलाच नाही. नाकात नाही, लांबवलेला नाही. माझ्याच आवाजात आला, साधा.

किरणने मान हलवली आणि कामाला लागला.

कुणी हसलं नाही, अक्का.